अर्धी टेकडी वनखात्याची, अर्धी आरक्षणात: उरलेली कशी मिळवायची?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या पश्चिम उपनगरातली एक टेकडी. खालचा उतार वनखात्याकडे, तिथे कुंपण आणि फाटक आहे, सकाळी लोक फिरायला येतात. वरचा माळ आणि पलीकडची सोंड विकास आराखड्यात जैववैविध्य उद्यान, म्हणजे सगळे म्हणतात ते ‘बीडीपी’, म्हणून दाखवलेली. पण सातबारे खासगी. गेल्या दोन वर्षांत तिथे पत्र्याची कुंपणं, मुरमाचा रस्ता आणि दोन-तीन खोल्या आल्यात. रोज टेकडीवर जाणाऱ्यांच्या गटाचा बेत आहे की यंदाच्या पावसाळ्यात माळावर पाच हजार झाडं लावायची, म्हणजे जागा आपोआप वाचेल. हे बरोबर आहे का, उद्यान पूर्ण व्हायला काय करावं, आणि उद्या सकाळी काय करू?

पाच हजार झाडांचा बेत आधी बाजूला ठेवा. रागावू नका. मीही असे बेत केलेत आणि त्यातल्या एकाचं फळ अजून बघतोय, ते पुढे सांगतो. माझी पंचवीस वर्षं पुण्याच्या टेकड्यांवर गेली. त्यातली निम्मी टेकडीवर आणि निम्मी भूमी अभिलेखच्या बाकड्यावर. दुसऱ्या निम्म्याचा उपयोग जास्त झाला.

दुसऱ्याच्या सातबाऱ्यात तुम्ही खड्डे खणले की पहिली तक्रार तुमच्यावरच होते. ज्याने आरक्षित माळावर बेकायदा खोली बांधली तो फिर्यादी आणि तुम्ही आरोपी, हे दृश्य मी पाहिलंय. त्यानंतर तुमचा कुठलाही अर्ज गेला की साहेब म्हणतात, ‘ते अतिक्रमणवाले का?’ दुसरं कारण मोठं आहे. तो माळ रिकामा नाही. त्याबद्दल नंतर, आधी कागद.

‘टेकडी वाचवा’ या अर्जावर काहीही होत नाही, कारण सरकारदरबारी टेकडी नावाची वस्तूच नाही. तिथे आहेत सर्व्हे नंबर आणि हिस्से. म्हणून पहिलं काम: गाव नकाशा काढा, त्यावर विकास आराखड्याची हद्द आणि वनखात्याची हद्द उतरवा, आणि टेकडीवर येणाऱ्या प्रत्येक सर्व्हे नंबरची एक वही करा. प्रत्येकाला एक पान. त्यावर सातबारा, ‘इतर हक्क’ रकान्यात काय लिहिलंय ते, जुने फेरफार, महापालिकेचा झोन दाखला (जमीन आराखड्यात कशासाठी दाखवलीय ते सांगणारा) आणि भाग नकाशा. पंधरा-वीस पानांची वही होईल. तीन महिने लागतील. ती झाली की तुम्हाला कळेल की ‘खासगी’ म्हणून सोडून दिलेल्या पानांपैकी सगळी सारखी खासगी नसतात.

काही सरकारी पड असतील. काही गायरान. काहींच्या इतर हक्कांत ‘खाजगी वन’ अशी नोंद सापडेल. ती १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याची, आणि त्या कायद्याचा नियत दिन ३० ऑगस्ट १९७५. अशी नोंद दिसली की उड्या मारू नका. १९२७ च्या वन कायद्याच्या कलम ३५ खालची एखादी जुनी नोटीस नुसती निघाली होती एवढ्यावर जमीन वन ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मुंबईच्या प्रकरणात म्हटलं. नोटीस मालकाला पोचली का, चौकशी झाली का, हे सगळं बघावं लागतं. पण पान जपून ठेवा.

आणि एखादं पान असंही निघतं की जमीन मुळात राखीव वन होती आणि मधल्या काळात कोणीतरी ती वाटून टाकली. कोंढवा बुद्रुकचं उदाहरण घ्या. सर्व्हे नंबर २१ मधली ११.८९ हेक्टर जमीन. ब्रिटिश काळात, १८७९ मध्ये, राखीव वन म्हणून जाहीर झालेली. १९९८ मध्ये शेतीसाठी म्हणून ती दिली गेली आणि तिथून एका गृहनिर्माण संस्थेकडे गेली. १५ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप आणि ती विक्री बेकायदा ठरवली, जमीन वनखात्याला परत द्यायला सांगितली. एवढ्यावर न थांबता सगळ्या राज्यांना सांगितलं की महसूल खात्याच्या ताब्यातली राखीव वनजमीन अशी कुणाला वाटली गेलीय का, हे विशेष तपास पथकं नेमून शोधा. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचा राजपत्राचा कागद असा उभा राहतो. म्हणून जुन्या राजपत्रातल्या वन-अधिसूचना आणि तुमचे सर्व्हे नंबर एकदा जुळवून पाहा. नंबर जमिनींच्या एकत्रीकरणात बदललेले असतात, त्यामुळे जुना नंबर आणि नवा गट नंबर यांचा तक्ता तलाठ्याकडून किंवा भूमी अभिलेखमधून आधी मिळवा. नाहीतर भलत्याच माणसाची जमीन वन म्हणून जाहीर करून बसाल. माझ्याकडून एकदा ते होता होता वाचलंय.

आता बीडीपीचं. १९९७ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत आलेल्या गावांपैकी जी २३ राहिली, त्यांच्या टेकड्यांवर, म्हणजे बाणेर, पाषाण, वारजे, धनकवडी, कात्रज, कोंढवा, धानोरी वगैरे, सुमारे ९७८ हेक्टरवर हे आरक्षण आहे. वर्षानुवर्षं ते सरकारकडे लटकलं आणि ऑगस्ट २०१५ मध्ये मंजूर झालं. मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. हिशेब करा: हजार चौरस मीटर जमीन दिली तर ऐंशी चौरस मीटरचा हक्क. साध्या आरक्षणात यापेक्षा कितीतरी पट मिळतं. मालक स्वतःहून का येत नाहीत, याचं उत्तर या एका आकड्यात आहे.

आणि इथे एक घड्याळ आहे ज्याकडे तुमच्या गटात कुणाचं लक्ष नसेल. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम १२७. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादन झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत महापालिकेने पाऊल उचललं नाही तर त्या जमिनीवरचं आरक्षण संपलं असं मानलं जातं. पूर्वी हा काळ बारा महिन्यांचा होता. ऑगस्ट २०१५ मध्ये दहा मिळवा. या नोटिशी वर्तमानपत्रात छापून येत नाहीत. मालकाचा वकील देतो, टपालात पडते, एका टेबलावरून दुसऱ्यावर जाते आणि कधीकधी २४ महिने तशीच जातात. दर तीन महिन्यांनी माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारा: या या सर्व्हे नंबरांबाबत कलम १२७ ची नोटीस आली आहे का, आली असल्यास कोणत्या तारखेला, आणि त्यावर काय कार्यवाही झाली. उत्तर कंटाळवाणं येईल. पण प्रश्न फायलीत लागतो, आणि पुढे ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय उरत नाही.

एक भेद लक्षात घ्या. आरक्षण वेगळं, विभाग वेगळा. जुन्या हद्दीतल्या टेकड्यांवर डोंगरमाथा-डोंगरउतार असा विभाग आहे. तो जमिनीच्या वापरावर बंधन घालतो, पण जमीन घेण्याचं वचन देत नाही, म्हणून तिथे १२७ चा प्रश्न तसा येत नाही. तिथला धोका त्याच अधिनियमाच्या कलम ३७ चा: आराखड्यात किरकोळ फेरबदल. ‘किरकोळ’ या शब्दाने फसू नका. फेरबदलाची नोटीस निघते, हरकतींना साधारण महिन्याची मुदत असते आणि नोटीस बहुधा सणासुदीला येते (हा माझा ग्रह असेल, पण तारखा काढून बघा). त्या महिन्यात तीनशे एकसारखे छापील अर्ज देण्यापेक्षा तुमच्या वहीतली पानं जोडलेले तीन अर्ज द्या.

मालकांबद्दल बोलल्याशिवाय हे अपुरं राहील. टेकडीप्रेमी मंडळी त्यांच्याबद्दल सरसकट बोलतात, ते मला पटत नाही. माळावरचे मालक तीन प्रकारचे असतात. एक, मूळ गावकरी, ज्यांच्या आजोबांनी तिथे गुरं चारली, खालच्या पट्ट्यात बाजरी केली. शेजारच्या सपाट जमिनीवाल्याचे बंगले झाले आणि यांच्या सातबाऱ्यावर शहराची फुप्फुसं आली, ८ टक्क्यांत. त्यांचा राग न्याय्य आहे आणि जास्त मोबदल्याची त्यांची मागणी तुम्ही उघड उचलून धरावी असं माझं मत आहे. तुमच्या गटात यावर भांडण होईल, होऊ द्या. दुसरे, गुंतवणूकदार, त्यांना घाई नाही, १२७ ची वाट पाहतात. तिसरे, गुंठा घेणारे. साध्या मुद्रांकावर, नोटरीसमोर, एक गुंठा. रिक्षा चालवणारे, सोसायटीत पहारा करणारे, ज्यांना कुणी झोन दाखला दाखवलाच नाही. त्यांची खोली पाडायची मागणी तुम्ही करणार आणि त्यांना गुंठा विकणारा एव्हाना पुढच्या टेकडीवर गेलेला असणार.

म्हणून खोल्यांच्या मागे लागण्याआधी पुढची विक्री थांबवा. महापालिकेकडून माळावर फलक लावून घ्या: सर्व्हे नंबर अमुक, आरक्षण अमुक, बांधकामास परवानगी मिळणार नाही. महापालिकेनेच लावला पाहिजे. तुम्ही लावलात तर रात्रीतून जाईल. मुरमाचा रस्ता मात्र लगेच तक्रारीत घ्या. रस्ता आला की पाण्याचा टँकर येतो, टँकर आला की खोली येते, हा क्रम मी कुठेही चुकलेला पाहिला नाही. अनधिकृत बांधकामाला नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची नोटीस असते, पण उत्खननाची तक्रार तहसीलदारांकडे वेगळी करा, कारण मुरूम उपसायला गौण खनिजाची परवानगी लागते आणि महसूल खातं दंडाच्या बाबतीत महापालिकेपेक्षा चपळ आहे. ‘आपली चावडी’वर प्रलंबित फेरफार दिसतात, ते दर पंधरवड्याला बघा. त्रयस्थ म्हणून तुमच्या हरकतीला तिथे फारसं वजन नाही. पण काय विकलं जातंय ते कळतं.

वहीतली पानं कुठल्या क्रमाने हाती घ्यायची? इथे मला सिडनीच्या दोन बहिणी आठवतात. जोन आणि आयलीन ब्रॅडली, मॉस्मन भागातल्या. घराजवळच्या रानात उपरं तण माजलं होतं आणि नगरपालिका ते सरसकट कापून अजून माजवत होती. १९६० च्या दशकात या दोघींनी फिरता फिरता हाताने तण उपटायला सुरुवात केली आणि त्यातून एक पद्धत बसवली. जिथे रान सर्वांत चांगलं आहे तिथून सुरुवात करायची आणि वाईटाकडे सरकायचं. माती कमीत कमी हलवायची. आणि मूळची झाडं जेवढ्या वेगाने परत येतील तेवढ्याच वेगाने पुढे जायचं, आपल्या उत्साहाच्या वेगाने नाही. आज ऑस्ट्रेलियात शहरी रानांची बरीचशी निगा कुठे ना कुठे या तीन गोष्टींपाशी येते. आपल्याकडे सगळे उलटं करतात: सर्वांत वाईट कोपरा निवडतात, जेसीबी आणतात आणि मंत्र्यांना बोलावतात.

मी जमिनीलाही हाच क्रम लावतो. जे सर्व्हे नंबर वनखात्याच्या हद्दीला चिकटून आहेत, ज्यांवर गवत शाबूत आहे, मालक एक किंवा दोन आहेत आणि वाद नाही, ते आधी. टीडीआर देताना जमीन निर्वेध ताब्यात द्यावी लागते. चाळीस वारसांचा सातबारा त्यात दहा वर्षं अडकतो. एक सुटसुटीत पान पूर्ण झालं, महापालिकेचं नाव सातबाऱ्यावर लागलं आणि मालकाला टीडीआर खरोखर मिळाला, की शेजारचा मालक विचारायला येतो. मी पाहिलेल्या सगळ्या यशस्वी प्रकरणांत ‘पहिला मालक’ हीच अडचण होती.

खोल्या आणि मुरूम असलेला तुकडा शेवटी. तो सोडायचा नाही, पण सुरुवात तिथून केली तर पाच वर्षं कोर्टातच जातील आणि तेवढ्यात चांगला माळ जाईल.

आता माळाबद्दल. पुण्याच्या टेकड्या म्हणजे बेसाल्टचा कातळ, वर वितभर माती आणि वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस. इथलं मूळचं रान घनदाट नाही. विरळ झाडी आणि मधे गवत, हेच त्याचं पूर्ण रूप. उतारांवर सालई, मोई, गणेर, पांगारा, कांडोळ, मेडशिंगी, धावडा, खैर. माथ्यावर कुसळी आणि पवन्या. मे महिन्यात हा माळ मेलेला दिसतो आणि नेमकं तेव्हाच लोकांना झाडं लावायची हुक्की येते. जुलैत तिथे गुडघे टेकून बघा. दिपकाडी, पांढरी मुसळी, कळलावी, पुढे तेरडा. चंडोल, तित्तिर, लाव्हे जमिनीवर घरटी करतात, गवतातच. त्यांना पाच हजार झाडांची सावली नको असते.

माझं फळ सांगायचं राहिलं होतं. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका माळावर यंत्राने समतल चर खणले आणि वड, पिंपळ, कडुनिंब, करंज लावले. तीन उन्हाळे टँकरने पाणी घातलं. चौथ्या उन्हाळ्यात पैसे संपले. आज तिथे मोजकी खुरटलेली झाडं आहेत आणि चरांच्या उकरलेल्या मातीवर घाणेरीची, म्हणजे लँटाना या उपऱ्या झुडपाची, रांग. लांबून बघितलं तर चर कुठे होते ते तिच्यावरून ओळखू येतं. चंडोल गेले ते गेले. शिवाय शहरी भागातल्या झाडांच्या जतनाचा १९७५ चा वेगळा अधिनियम झाडाला संरक्षण देतो, गवताला देत नाही, म्हणून आम्ही काय घालवलं याची कुठे नोंदही झाली नाही.

वनखात्याच्या उतारावर तुम्हाला गिरीपुष्प भरपूर दिसेल, आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात ते. मूळ मध्य अमेरिकेचं. शेळ्या फारशा तोंड लावत नाहीत, खडकात जगतं, पटकन हिरवं होतं, म्हणून एका पिढीने ते मनापासून लावलं. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याच्याखाली बाकी फारसं येत नाही. तरीही सरसकट तोड मागू नका. एकतर परवानगी मिळणार नाही, मिळाली तर बुंध्यांना दुप्पट फुटवे येतील, आणि एकदम उघड्या पडलेल्या जमिनीवर घाणेरी, रानमोडी ही तणं धावून येतात. जिथे गिरीपुष्पाच्या कडेला मोईचं किंवा मेडशिंगीचं रोप आपोआप उगवलंय, तिथे वनखात्याच्या लेखी संमतीने त्या रोपावरची सावली मोकळी करा. तेवढंच. पुढच्या वर्षी अजून दोन पावलं.

घाणेरीसाठी दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांची पद्धत वापरा: झुडूप वरून कापायचं नाही, मुळाचा गड्डा मातीच्या जरा खाली कुदळीने तोडायचा आणि अख्खं झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे परत फुटत नाही. पहिल्या पावसानंतर माती मऊ असते तेव्हा चार माणसं एका सकाळी बरंच काम करतात. मग दोन वर्षं त्याच जागी येऊन बियांची रोपं उपटायची. ही दोन वर्षं कुणाला नको असतात, कारण त्याचे फोटो निघत नाहीत.

लावायचंच असेल तर कुठे? जिथे माती आधीच उकरली गेलीय तिथे: जुनी खाण, रस्त्याचा काठ, पाडलेल्या खोलीची जागा. गुरुग्रामचं अरवली जैवविविधता उद्यान बघून या. दीडशे हेक्टरांच्या आसपासची खाणींनी खरवडलेली टेकडी, २०१० पासून लोकांनी आणि वनस्पती जाणणाऱ्यांनी मिळून परत उभी केली, विलायती बाभळीच्या जागी धौ आणि इतर अरवलीची झाडं आणून. बियाणं नर्सरीत मिळत नव्हतं म्हणून राजस्थानच्या रानांतून गोळा केलं. तुम्हाला सालई, कांडोळ नर्सरीत सहज मिळणार नाहीत. एप्रिल-मेमध्ये शेजारच्या टेकडीवरून बी गोळा करा, परवानगी घेऊन, आणि सालईच्या फांद्यांची कलमं करून बघा. पाच हजारांऐवजी दोनशे.

दिवाळीनंतर गवत वाळलं की वणव्याचा काळ सुरू होतो. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, वनखात्याच्या माणसांबरोबर काढा, एकट्याने नको. वारा कुठून येतो हे त्यांना ठाऊक असतं आणि पुढे आग लागली तर फोन उचलला जातो.

एक गोष्ट लोक विसरतात. जमीन महापालिकेकडे आली म्हणजे उद्यान पूर्ण झालं असं नाही. मग उद्यान विभाग येतो: काँक्रीटची वाट, बाक, खुली व्यायामशाळा, दिवे, कारंजं. मी एका माथ्यावर हिरवळ लावलेली पाहिली आहे, कुसळी काढून, ठिबक सिंचनावर. म्हणून ताब्याच्या प्रस्तावाबरोबरच दोन पानी व्यवस्थापन आराखडा जोडून मंजूर करून घ्या: किती वाटा, त्या मातीच्याच, रात्री दिवे नाहीत, यंत्राने खोदाई नाही, गवत कापणी कधी. ताबा आल्यावर मागितलात तर निविदा आधीच निघालेली असते.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, उद्या सकाळी काय करू. वनखात्याच्या हद्दीला लागून असलेल्या पहिल्या सर्व्हे नंबरच्या मालकाला भेटा आणि हद्द कायम मोजणीचा अर्ज त्याला करायला लावा. तो अर्ज मालकच करू शकतो. शुल्क तुमच्या गटाने भरायची तयारी ठेवा. वनरक्षकाला आणि सगळ्या लगतच्या मालकांना त्या दिवशी हजर ठेवा, नाहीतर मोजणी मान्य नाही म्हणून परत सुरू. खुणा दगडाच्या पुरा, चुन्याची रेघ एका पावसात जाते. मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात आली की तिच्या चार झेरॉक्स चार घरांत ठेवा. आणि मोजणीची वेळ सकाळी सातची मागा. अकरानंतर भूकरमापक टेकडीच्या पायथ्यालाच उभा राहून ‘दिसतंय की इथून’ म्हणतो.